असेंबल केलेल्या कॉम्प्युटरवर मॅकओएस: चालते कशी आणि आता थांबणार का

सोलापुरात तयार कॉम्प्युटर विकत घेणारे आहेत, तसे तो असेंबल करून घेणारेही पुष्कळ आहेत. नवी पेठेतल्या दुकानात मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड असे एकेक निवडायचे, दुकानदाराकडून जुळणी करून घ्यायची आणि शेवटी ‘विंडोज टाकून द्या’ असे सांगायचे, हा क्रम इतका सरावाचा झाला आहे की त्या शेवटच्या वाक्यात काही गुंतागुंत असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. ती कळते, जेव्हा एखादा तरुण त्याच यंत्रावर ‘मॅकओएस टाकून मिळेल का’ असे विचारतो. लग्नाच्या व्हिडिओंचे संकलन करणाऱ्याला फायनल कट प्रो हवे असते, आयफोनची ॲप तयार करायला शिकणाऱ्या विद्यार्थ्याला एक्सकोड लागते आणि कॉम्प्युटरपुरते बोलायचे तर ही दोन्ही सॉफ्टवेअर फक्त ॲपलच्या मॅकओएसवर चालतात.

ॲपलने न बनवलेल्या यंत्रावर मॅकओएस चालवली की त्या यंत्राला हॅकिंटॉश म्हणतात. मॅकिंटॉश हे ॲपलच्या कॉम्प्युटरचे १९८४ पासूनचे नाव, त्याला ‘हॅक’ म्हणजे खटपटीने काढलेली वाट जोडून हा शब्द झाला. जून २०२५ मध्ये ॲपलने जाहीर केले, की मॅकओएस २६, म्हणजे ‘टाहो’, ही इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठीची शेवटची आवृत्ती असेल. सप्टेंबर २०२५ मध्ये ती आवृत्ती आली. बातमी वरवर पाहता ॲपलच्या जुन्या ग्राहकांपुरती होती, पण तिच्यामुळे हॅकिंटॉशचेही भवितव्य ठरून गेले. ते कसे, हे समजण्यासाठी आधी ‘सिस्टीम टाकणे’ म्हणजे नेमके काय ते पाहावे लागेल.

मागाचे पत्ते आणि कॉम्प्युटरची सिस्टीम

सोलापूरच्या माणसाला हे समजावणे तुलनेने सोपे आहे, कारण चादरीचा जेकार्ड त्याने पाहिलेला किंवा निदान ऐकलेला असतो. मागाच्या डोक्यावर भोके पाडलेल्या पत्त्यांची माळ फिरत असते. एक पत्ता म्हणजे बाण्याचा एक धागा. पत्त्यावर जिथे भोक असेल तिथला हुक उचलला जातो, त्याला जोडलेले ताण्याचे धागे वर येतात आणि अशा शेकडो पत्त्यांनंतर चादरीवर मोर उमटतो. १८०४ मध्ये फ्रान्समधल्या जोसेफ मारी जाकार याने ही युक्ती सिद्ध केली आणि त्याच्याच नावाचा ‘जेकार्ड’ आपल्याकडे रूढ झाला. कॉम्प्युटरच्या इतिहासात या पत्त्यांना मानाचे स्थान आहे, ही गोष्ट सोलापूरकरांनी थोडी अभिमानाने सांगायला हरकत नाही.

पत्ते हे सॉफ्टवेअर आणि माग हे हार्डवेअर. आता समजा, मोराचे पत्ते अगदी नीट पाडलेले आहेत, पण ते ४०० हुकांच्या जेकार्डासाठी आहेत आणि तुमच्या मागावरचा जेकार्ड दुसऱ्या मापाचा आहे. पत्त्यांत खोट नाही, मागातही नाही, तरी मोर उमटणार नाही. ऑपरेटिंग सिस्टीमचे असेच असते. ती कोणत्या यंत्रासाठी ‘पाडलेली’ आहे यावर सगळे अवलंबून असते.

यंत्रातल्या प्रत्येक भागाशी, म्हणजे साउंड चिपशी, वाय-फायशी, ग्राफिक्स कार्डाशी, कसे बोलायचे हे सिस्टीमला सांगणाऱ्या छोट्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. विंडोजचा धंदाच मुळी सगळ्यांच्या यंत्रांवर चालण्याचा असल्यामुळे भाग बनवणारी प्रत्येक कंपनी तिच्यासाठी ड्रायव्हर लिहून देते. ॲपल सिस्टीमही स्वतः बनवते आणि यंत्रही, त्यामुळे मॅकओएसमध्ये प्रामुख्याने ॲपलने कधी ना कधी आपल्या यंत्रांत बसवलेल्या भागांचेच ड्रायव्हर असतात. हॅकिंटॉशच्या बहुतेक अडचणींचे मूळ या एका फरकात आहे.

असेंबल केलेला कॉम्प्युटर मुळात शक्य कसा झाला?

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा घाईपोटी त्याचे बहुतेक भाग बाहेरून घेतले आणि सिस्टीम मायक्रोसॉफ्टकडून घेतली. मायक्रोसॉफ्टने ती इतरांना विकण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवला. आयबीएमचे म्हणावे असे एकच कुलूप उरले होते, ते म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधले बायोस नावाचे सॉफ्टवेअर. कॉम्पॅक या कंपनीने तेही उघडले आणि रीतसर उघडले: एका गटाने बायोस काय काय करते याची टिपणे काढली आणि मूळ कोड कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या टिपणांवरून नवे बायोस लिहिले. आज आपण कोणाचाही मदरबोर्ड आणि कोणाचीही रॅम जुळवतो, त्याची मुळे तिथे आहेत.

ॲपलने हा रस्ता जवळजवळ कायम बंद ठेवला. १९९५ च्या सुमारास काही कंपन्यांना मॅकच्या प्रती बनवण्याचे परवाने दिले होते, पण १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्स परतल्यावर ते प्रकरण आटोपले. पुढे जून २००५ मध्ये जॉब्स यांनीच घोषणा केली, की मॅकमध्ये पॉवरपीसी प्रोसेसरऐवजी इंटेलचे प्रोसेसर येतील, आणि जानेवारी २००६ मध्ये असे पहिले मॅक आले. त्या क्षणापासून मॅकचे आतडे आणि नवी पेठेतल्या कॉम्प्युटरचे आतडे जवळपास एकाच जातीचे झाले. ॲपलला हॅकिंटॉश नको होता. पण प्रोसेसर बदलताना त्याच्यासाठीही दार किलकिले झाले.

बटण दाबल्यापासून पहिल्या पडद्यापर्यंत

बटण दाबल्यावर सर्वांत आधी जागे होते ते मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेले सॉफ्टवेअर, ज्याला फर्मवेअर म्हणतात. आजच्या यंत्रांत ते यूईएफआय प्रकारचे असते, पण दुकानात सगळे त्याला अजून बायोसच म्हणतात. ते रॅम आणि डिस्क तपासते, यंत्रात काय काय आहे आणि त्याची वीज कशी चालू-बंद करायची याची यादी तयार ठेवते आणि डिस्कच्या ठरलेल्या कोपऱ्यातल्या बूटलोडरला हाक मारते. बूटलोडर म्हणजे सिस्टीमचा गाभा डिस्कवरून उचलून रॅममध्ये आणणारा आणि पुढचा कारभार त्याच्या हाती सोपवणारा प्रोग्राम. हे सगळे काही सेकंदांत घडते आणि हॅकिंटॉशची सारी करामत याच काही सेकंदांत उरकलेली असते.

आजच्या घडीला या कामासाठी सर्वाधिक वापरला जाणारा बूटलोडर ओपनकोअर आहे. त्याआधी कमेलियन आणि क्लोव्हर यांचा जमाना होता. ओपनकोअरला मी लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाची उपमा देतो. मुलीकडच्यांना, म्हणजे मॅकओएसला, घराण्याची माहिती हवी असते आणि मध्यस्थ ती त्यांना रुचेल अशा बेताने देतो. मदरबोर्ड बनवणाऱ्याने यंत्रातल्या भागांची यादी विंडोजला नजरेसमोर ठेवून लिहिलेली असते. मध्यस्थ तिच्यातल्या खटकणाऱ्या ओळी परस्पर दुरुस्त करतो. यंत्राचे नाव विचारले की ‘आयमॅक, २०१९’ असे सांगतो आणि त्या नावाला साजेसा सिरियल नंबरही पुढे करतो. ज्या भागांचे ड्रायव्हर मॅकओएसकडे नाहीत, ते ड्रायव्हर स्वतःच्या पिशवीतून काढून देतो. मॅकच्या भाषेत अशा ड्रायव्हरना केक्स्ट म्हणतात. विशेष म्हणजे हे सारे तो रॅममध्ये, चालू प्रवासात करतो. डिस्कवरच्या सिस्टीमच्या मूळ फाइलींना हात लावत नाही. जुन्या पद्धतींत त्या फाइलीच बदलल्या जात आणि पुढच्या अपडेटला सगळे मुसळ केरात जात असे.

तरीही एक प्रश्न मध्यस्थाला अवघड जातो. इंटेलच्या मॅकमध्ये एसएमसी नावाचा नियंत्रक असतो. पंख्याचा वेग, तापमान, विजेचा पुरवठा ही त्याची रोजची कामे. त्याच नियंत्रकात एक किल्लीही ठेवलेली आहे. मॅकओएसमधले फाइंडर आणि डॉक यांसारखे काही महत्त्वाचे प्रोग्राम कुलूपबंद अवस्थेत असतात आणि ती किल्ली मिळाल्याशिवाय उघडत नाहीत. गमतीचा भाग असा, की ती किल्ली म्हणजे एक इंग्रजी विनवणीच आहे: आमच्या कष्टांवर या शब्दांचा पहारा आहे, कृपा करून चोरू नका, अशा अर्थाची. हे कुलूप सांभाळणाऱ्या केक्स्टचे नावही ‘डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स’ असे आहे. हॅकिंटॉशमध्ये एसएमसी नसतोच, म्हणून त्याची नक्कल करणारे एक सॉफ्टवेअर त्याच्या जागी उभे केले जाते आणि विचारल्यावर तेच शब्द उच्चारते. तंत्राच्या दृष्टीने हे लहानसे काम असले, तरी नैतिक प्रश्न नेमका इथेच उभा राहतो आणि त्याकडे डोळेझाक करू नये.

‘भाग तेच आहेत, मग अडते कुठे?’

हा आक्षेप मी अनेकांकडून ऐकला आहे आणि तो अर्धाच खरा आहे. प्रोसेसरची जात एक झाली, पण बाकीचे भाग एक झाले नाहीत. सर्वांत मोठी अडचण ग्राफिक्सची. २०१७ मधल्या हाय सिएरा आवृत्तीनंतर एनव्हिडियाच्या नव्या कार्डांना मॅकओएसमध्ये ड्रायव्हर मिळालेले नाहीत, त्यामुळे आपल्याकडे गेमसाठी हौसेने घेतली जाणारी बहुतेक कार्डे या कामी निरुपयोगी ठरतात. एएमडीची ठरावीक कार्डे मात्र चालतात. इंटेल प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सचेही तसेच आहे. ॲपलने इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतचेच प्रोसेसर वापरले, म्हणून अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपला मॅकओएसमध्ये ग्राफिक्सचा ड्रायव्हर नाही. लॅपटॉपमध्ये कार्ड बदलताही येत नाही. ‘माझा लॅपटॉप नवा आणि जास्त ताकदवान आहे, मग तो का चालत नाही?’ या प्रश्नाचे उत्तर असे, की तो नवा आहे म्हणूनच चालत नाही.

वाय-फाय, लॅपटॉपचा टचपॅड, झाकण मिटल्यावर झोपणे आणि उघडल्यावर नीट जागे होणे, या प्रत्येक गोष्टीसाठी वेगळी खटपट करावी लागते आणि ती एकदा जमली म्हणून कायमची जमत नाही. टाहो आवृत्तीत तर ॲपलने नेहमीच्या साउंड चिपचा जुना ड्रायव्हरच काढून टाकला. त्यात कोणावर सूड उगवण्याचा हेतू नव्हता. या आवृत्तीला चालणारी इंटेल मॅकची जी चार मॉडेल उरली, त्या सर्वांत आवाजाचे काम ॲपलची टी२ चिप पाहते, म्हणून तो ड्रायव्हर त्यांना लागत नव्हता. आपल्या यंत्रांना नको असलेली वस्तू त्यांनी माळ्यावरून काढून टाकली आणि तिच्यावर विसंबलेल्या हजारो पाहुण्यांचा आवाज गेला.

माझ्या भाच्याने नवव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि एएमडीचे कार्ड घेऊन असे यंत्र उभारले होते. दीड वर्ष ते उत्तम चालले, इतके की घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो ते कौतुकाने दाखवत असे. मग एका लग्नाचा व्हिडिओ द्यायच्या आदल्या रात्री पडद्यावर अपडेटची सूचना आली आणि त्याने सवयीने होकार दिला. यंत्र पुन्हा सुरू झाले ते काळ्या पडद्यावरच थांबले. बूटलोडर आणि केक्स्ट जुने राहिले होते, सिस्टीम नवी झाली होती आणि मध्यस्थाला नवे प्रश्न माहीतच नव्हते. दुरुस्तीला दोन रात्री गेल्या आणि वधूपित्याची बोलणी खावी लागली ती वेगळीच. खऱ्या मॅकवर ‘अपडेट करा’ हे वाक्य सूचना असते. हॅकिंटॉशवर आधी सगळ्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेणे, मग बूटलोडर, मग केक्स्ट आणि सर्वांत शेवटी सिस्टीम, असा क्रम पाळावा लागतो. भाच्याने तो पाळला नाही, एवढेच.

आणखी एक धोका याहून गंभीर आहे. हे सगळे स्वतः शिकण्याचा कंटाळा आलेले लोक अनोळखी माणसाने तयार करून ठेवलेली संपूर्ण सिस्टीमच पेनड्राइव्हवर उतरवून घेतात. अशा सिस्टीममध्ये त्या माणसाने आणखी काय घालून ठेवले आहे हे कळायला मार्ग नसतो आणि त्याच यंत्रावर पुढे बँकेचा व्यवहार केला जातो. जुळणी स्वतः करण्यात वेळ जातो हे खरे, पण तयार सिस्टीमपेक्षा तो वेळ गेलेला बरा.

हे कायद्यात बसते का?

सरळ उत्तर द्यायचे तर मॅकओएसच्या परवान्यात ती फक्त ॲपलच्या कॉम्प्युटरवर टाकण्याची मुभा दिलेली आहे. पैसे न मोजता सिस्टीम उतरवून घेता येते म्हणून ती कुठेही टाकण्याचा हक्क मिळतो, हा समज चुकीचा आहे. परवाना हा करार आहे आणि हॅकिंटॉश उभारणारा तो मोडतो.

या विषयावरचा गाजलेला खटला अमेरिकेतला आहे. फ्लोरिडातल्या सायस्टार नावाच्या कंपनीने २००८ मध्ये मॅकओएस टाकलेले कॉम्प्युटर उघडपणे विकायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी ॲपलने तिला न्यायालयात खेचले. मॅकओएसची प्रत आम्ही विकत घेतो, मग ती कुठे टाकायची हे आम्ही ठरवू, असा सायस्टारचा युक्तिवाद होता. नोव्हेंबर २००९ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला आणि पुढच्याच महिन्यात विक्रीवर कायमची बंदी घातली. २०११ मध्ये अपील न्यायालयानेही ती उचलून धरली. भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा कॉम्प्युटर प्रोग्रामला साहित्यकृतीसारखेच संरक्षण देतो आणि २०१२ च्या दुरुस्तीने, हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणे हा गुन्हा ठरवला आहे. घरात बसून शिकण्यासाठी खटपट करणारा विद्यार्थी आणि ‘मॅक टाकून मिळेल’ अशी पाटी लावून पैसे घेणारा दुकानदार यांच्यात मी स्वतः फरक करतो, पण परवाना दोघांच्याही बाजूने नाही, हे दोघांनी जाणून असावे.

‘नव्या चिपवरही कोणीतरी तोडगा काढेलच की’

जून २०२० मध्ये ॲपलने इंटेल सोडून स्वतःच्या चिपकडे वळण्याचे जाहीर केले, नोव्हेंबरमध्ये एम१ चिपचे मॅक आले आणि २०२३ मध्ये मॅक प्रोदेखील बदलल्यावर हे स्थलांतर पूर्ण झाले. यापुढच्या मॅकओएस फक्त या चिपसाठी ‘पाडल्या’ जातील.

प्रत्येक प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांचा एक ठरलेला संच असतो, त्याला त्याची भाषा म्हणता येईल. इंटेल आणि एएमडी यांच्यात सोलापूरची मराठी आणि पुण्याची मराठी इतपतच अंतर आहे, म्हणून एएमडीवर मॅकओएस चालवायला तिच्या गाभ्यात थोड्या दुरुस्त्या पुरतात. ॲपलच्या चिपची भाषा, जिला आर्म म्हणतात, ती निराळ्याच कुळातली, मराठीशेजारी तेलुगू असावी तशी. आपल्या पूर्व भागात दोन्ही भाषा सहज बोलणारी माणसे घरोघरी आहेत, प्रोसेसर मात्र एकभाषीच असतो. वाक्यावाक्याचे भाषांतर करत अख्खी सिस्टीम चालवणे तत्त्वतः शक्य आहे, पण ती इतकी मंद होते की कामाची उरत नाही.

मग आर्म भाषेचेच एखादे स्वस्त यंत्र घ्यावे, उदाहरणार्थ रास्पबेरी पाय? त्यानेही भागत नाही. भाषा जुळली तरी घर जुळत नाही. ॲपलच्या चिपमध्ये ग्राफिक्सही त्यांचेच असते आणि सुरू होतानाची ओळखपरेडही चिपच्या आतच होते, म्हणजे ज्या फटीत मध्यस्थ उभा राहत होता ती फटच बुजवली आहे. शिवाय ही चिप सुटी विकत मिळत नाही. तेव्हा तोडगा निघणारच नाही असे छातीठोकपणे सांगता आले नाही, तरी त्या आशेवर आज कोणी यंत्राचे भाग खरेदी करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आर्थिक हिशेबही बदलला आहे. एकेकाळी मॅकच्या किमतीत दोन चांगले असेंबल केलेले कॉम्प्युटर यायचे. २०२४ मध्ये एम४ चिपचा मॅक मिनी भारतात ५९,९०० रुपयांपासून मिळू लागला. एक्सकोड शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने ग्राफिक्स कार्डाची किंमत आणि स्वतःच्या जागरणाचे तास त्याच्याशेजारी मांडून पाहावेत.

घरात आहे त्या यंत्राचे काय?

चालू हॅकिंटॉश लगेच बंद पडणार नाही. टाहो आणि तिच्या आधीच्या आवृत्त्या आहेत तशा चालत राहतील, फक्त नवी आवृत्ती येणार नाही, सुरक्षेच्या दुरुस्त्या काही काळाने थांबतील आणि मग एकेक सॉफ्टवेअर ‘ही सिस्टीम जुनी आहे’ म्हणू लागेल.

जवळजवळ याच सुमारास विंडोजवाल्यांवरही अशीच वेळ आली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल संपली आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय व इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ही तपासणी चुकवून सातव्या पिढीच्या यंत्रावरही विंडोज ११ टाकून देणारे आहेत. ती चालते, पण पुढची अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे तिथेही आता पाहुणचार यजमानाच्या मर्जीवर आला.

लिनक्सची गोष्ट वेगळी आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेली ही सिस्टीम कोणत्या यंत्रावर टाकायची, हे तिचा परवाना विचारत नाही आणि तिचा कोड सर्वांसाठी खुला असल्यामुळे जुन्या भागांचे ड्रायव्हरही पुष्कळ वर्षे टिकतात. एक्सकोड किंवा फायनल कट प्रो तिच्यावर मिळणार नाही, ही उणीव आहेच; पण हिशेब, पत्रव्यवहार, इंटरनेट आणि प्रोग्रामिंग शिकणे एवढ्यासाठी दहा वर्षांचे यंत्रही ती निमूट चालवते.

भाच्याच्या यंत्रात आता दोन डिस्क आहेत. एकीवर लिनक्स आहे, ती रोज वापरली जाते. दुसरीवर मॅकओएसची जुनी आवृत्ती आहे, ती डिस्क सुरू करायची झाली तर इंटरनेटची वायर काढून ठेवली जाते आणि जुन्या लग्नांचे प्रोजेक्ट उघडण्यापुरतीच ती सुरू होते. त्याच्या टेबलावर आता एक मॅक मिनीही आहे, हप्त्यांवर घेतलेला.